एकोणीस नंबर

ऑफिसचा ट्रेक ठरला की पहिल्या दिवशी पन्नास हात वर होतात, जेवणाचे आणि वाटाड्याचे पैसे मागितले की तीस उरतात आणि बसमध्ये प्रत्यक्ष चढतात एकोणीस. आमचंही तेच झालं. पौर्णिमेला दोन दिवस असतानाचा जानेवारीतला शुक्रवार होता आणि जायचं होतं हरिश्चंद्रगडावर. बसचं भाडं कंपनी देणार होती. संध्याकाळी पुण्याहून निघून आळेफाट्याला डावीकडे वळायचं, ओतूर, मढ, खुबी फाटा आणि मग पिंपळगाव जोगे धरणाच्या कडेने खिरेश्वर. रात्रभर चढून उजाडताना कोकणकडा गाठायचा आणि दुपारी आल्या वाटेने परत.

माझी गडांची ओळख म्हणजे सिंहगड, तीही झुणका-भाकरीपुरती. तरी सगळ्यात मागे चालायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण पैसे मी गोळा केले होते. 'यादी तुझ्याकडेच आहे, मोजायला तूच मागे थांब.' यावर काय बोलणार?

खिरेश्वरला साडेअकराला पोचलो. वाटाड्या मामा शाल गुंडाळून वाटच बघत होते. त्यांनी बॅटरी सगळ्यांच्या पायांवर फिरवली आणि आमच्या अकाउंट्सच्या काकांच्या बुटांपाशी थांबवली.

"साहेब, बूट कधीचे?"

"नवेच आहेत. एकदाच घातलेत, वैष्णोदेवीला."

"ते कधी?"

काकांनी जरा हिशेब केला. "आठ वर्षं झाली."

मामा 'बरं' म्हणाले. त्या 'बरं'चा अर्थ मला पहाटे तीन वाजता कळला.

मामांनी प्रत्येकाला नंबर दिला. थांबलो की एकापासून ओरडत यायचं, आणि 'एकोणीस' ऐकल्याशिवाय कुणी पाऊल उचलायचं नाही. माणसं मोजायची ही पद्धत भारी आहे. अंधारात माना मोजायला गेलं की तीनदा तीन वेगळे आकडे येतात, नंबर ओरडायला लावले की कोण गळलं ते लगेच कळतं. मी एकोणीस, काका अठरा.

टोलार खिंडीत दगडात कोरलेला वाघ आहे. त्याच्यापाशी पहिली मोजणी झाली. अकराच्या पुढे आवाजच येईना. पुन्हा एकापासून सुरू केलं, पुन्हा अकराला गाडी अडली. माझ्या पोटात गोळा. खाली दरीत बॅटऱ्या मारून झाल्या, हाका मारून झाल्या, दोघं मागे बघायला निघालेसुद्धा. बारा नंबर आमच्यातच उभा होता, टोपीखाली कानात हेडफोन घालून. मामांनी ते काढून घेतले आणि स्वतःच्या खिशात टाकले. परत दिले ते थेट सकाळी चहाच्या वेळी.

खिंडीच्या वर कातळटप्पा आहे. लोखंडी रेलिंग बसवलेलं आहे, त्यामुळे अंधारातही तसा काही त्रास झाला नाही. लोकांना जड जातं ते त्याच्या पुढचं. कातळ चढला की आता आलंच असं वाटतं, आणि मग पठारावरच्या टेकड्या सुरू होतात. सात म्हणतात. मी नऊ मोजल्या, पण तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. दोन्ही बाजूंना वाळकी कारवी, पायवाटेला फाटे, आणि खडकावर रंगवलेले बाण हेरत चालायचं. चंद्र असूनही मी दोनदा भलत्या फाट्याला लागलो. धुक्यात इथे माणसं चकतात ती का, हे तेव्हा समजलं.

तिसऱ्या टेकडीवर पुढून चपक-चपक असा आवाज यायला लागला. जनावर असेल म्हणून मी जागीच थिजलो. तो काकांच्या उजव्या बुटाचा तळ होता, टाचेपासून सुटून जिभेसारखा लोंबत होता. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलं की तळाचा फोम आणि डिंक आतल्या आत कुजतो. वरून बूट अगदी कोरा दिसतो.

आधी चिकटपट्टीचे वेढे दिले, ते शंभर पावलांत गेले. क्रेप बँडेज घसरलं. शेवटी मी एक जाड मोजा टोकाकडून बुटावरच चढवला आणि बांधायला दोरी शोधू लागलो. आम्ही ऑफिसातून थेट निघालेलो, बॅगेत ओळखपत्र होतं. त्याची पट्टी काढली, तळव्याच्या मधोमध खालून घेतली, वर फुली मारली, घोट्यामागून फिरवून पुढे आणली. गाठ वरच्या अंगाला मारायची, खाली मारली तर ती खडकावर घासून सुटते. हे पहिली गाठ सुटल्यावर कळलं. अर्ध्या तासाने डाव्या बुटानेही जीव सोडला. दोन्ही एकाच वयाचे, दुसरं काय होणार! डाव्याला काकांच्या ओळखपत्राची पट्टी लागली. ती बांधताना त्यांचा तरुणपणीचा, टाय घातलेला फोटो आपला बुटावर लटकत होता. तो काढून मी खिशात टाकला.

"तू हो पुढे," काका म्हणाले.

"माझा नंबर एकोणीस आहे, काका. तुमच्या पुढे जाता येत नाही."

यावर ते पहिल्यांदा हसले. एरवी ऑफिसात हा माणूस प्रवासाची बिलं परत पाठवताना तेवढा हसतो.

पाचच्या सुमारास चंद्र डोंगराआड गेला आणि शेवटचा अर्धा-पाऊण तास नुसत्या बॅटरीवर काढला. मंदिराशी पोचलो तर बाकीच्यांचे दोन-दोन चहा झालेले. केदारेश्वराच्या गुहेत शिवलिंगाभोवती कमरेएवढं गार पाणी आहे, चार खांबांपैकी एकच शाबूत उरलाय. पैज लागलेले तिघं त्या पाण्यात उतरले आणि त्यांचा आवाजच गेला.

कोकणकड्यावर मात्र सगळे गप्प झाले. कडा खाली आत वळलेला आहे, त्यामुळे उभ्याने धड काही दिसत नाही. पोटावर झोपून काठापर्यंत सरकायचं. मी झोपलो, डोकं पुढे काढलं आणि खालून वारा असा तोंडावर आला की डोळ्यांत पाणी. कडा पश्चिमेला तोंड करून आहे. ऊन आमच्या पाठीमागून आलं आणि अख्ख्या डोंगराची सावली खाली कोकणात पडली. १८३५ साली कर्नल साइक्सला इथेच इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य, दिसलं होतं. त्याला खाली धुकं लागतं. आम्हाला नुसती सावली मिळाली. ती हळूहळू आखडत कड्याकडे येताना बघत आम्ही तासभर पडून राहिलो. काका घोरत होते.

त्या बुटांवर पुन्हा सात टेकड्या आणि कातळ नको, असं मामा म्हणाले. गडाच्या दुसऱ्या बाजूला पाचनई गाव आहे, तिकडची वाट सोपी, दोन-अडीच तासांत खाली. फक्त बस खिरेश्वरला होती. एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं तरच रेंज येत होती, तिथून ड्रायव्हरदादांना उठवलं. मोठा वळसा आहे, जादा किलोमीटर लागतील, असं त्यांनी बजावलं. मी म्हटलं, लागू देत.

सोमवारी बसचं बिल अकाउंट्सला दिलं. मंगळवारी परत आलं. पाचनईच्या आकड्याभोवती लाल गोल आणि शेजारी काकांच्या अक्षरात: 'मार्गातील बदलाची पूर्वपरवानगी जोडलेली नाही.' सोबत टाचणीला धुतलेली, इस्त्री केलेली माझ्या ओळखपत्राची पट्टी.