झूमध्ये करियर म्हणजे नक्की काय गो?

फोंड्यात कोणालाही सांगितलं की मला झूमध्ये काम करायचंय, की पहिला प्रश्न, म्हणजे बोंडल्याच्या झूमध्ये पिंजरे साफ करणार काय गो? करणार की! कीपरच्या हाताखाली राबल्याशिवाय जनावर कळत नाही. पण खरी ओढ आहे ती स्टडबुकची, म्हणजे प्रत्येक प्राण्याचे आईबाप कोण, जन्म कधी, कुठल्या झूतून कुठे गेला, मेला कधी, सगळी कुळकथा. लग्न जमवताना गोत्र बघतात ना तसंच, फक्त पत्रिकेऐवजी सॉफ्टवेअर मीन किनशिप, म्हणजे बाकी सगळ्यांशी सरासरी किती जवळचं नातं, ते काढतं आणि ज्याचे नातेवाईक सगळ्यात कमी त्याला आधी जोडीदार. 100 वर्षं 90 टक्के जनुकीय विविधता टिकवायची, हे नेहमीचं टार्गेट. युरोपियन बायसनचं स्टडबुक 1932 चं, तेव्हा सगळं कागदावर! आपल्याकडे हे काम डेहराडूनच्या वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटने केलंय. झूलॉजीवाल्यांनो, स्टॅटिस्टिक्स टाळू नका, एक्सेल तरी नीट शिका, सापांच्या फोटोंनी इन्स्टा भरतं, सीव्ही नाही. आणि जास्त पिल्लं म्हणजे झू भारी असंही नाही, जागा नसेल तर ब्रीडिंग थांबवणं हाही प्लॅनच असतो, पण हे आईला समजावताना नाकीनऊ येतात.