पाइपातला कॅमेरा, नोंद चौथी : पहिला खड्डा चुकला

मागच्या नोंदीत पाइपात सारून आतलं पाहायच्या कॅमेऱ्याचं सामान घरी आलं इथवर पोचलो होतो. २० मीटरची फायबरची केबल, तिच्या टोकाला कॅमेऱ्याचं २३ मिमीचं डोकं, सात इंची स्क्रीन, डोक्यामागे ५१२ हर्ट्झचा ट्रान्समीटर आणि तो जमिनीवरून शोधायला वेगळा रिसीव्हर. हौसेला मोल नसतं, असं घरी सांगितलं. कुणाला पटलं नाही.

पहिले पंधरा दिवस अंगणातच. पीव्हीसीचा २० फुटी पाइप आडवा टाकला, आत ठरावीक अंतरावर कपाशीची बोंडं ठेवली आणि केबल किती आत गेली ते दाखवणाऱ्या मीटरशी ताडून पाहिलं. मीटर शून्य करायचा तो डोकं पाइपाच्या तोंडाशी आल्यावर. मी रीळ उघडलं की लगेच करायचो, म्हणून बोंड दर वेळी दीड मीटर पुढे सरकलेलं. पांढऱ्या पाइपात दिवे पूर्ण लावले तर नुसता चुना दिसतो, निम्म्यावर आणा. आणि माझ्या कॅमेऱ्यात चित्र आपोआप सरळ होत नाही, ते गरागरा फिरतं. आत तांब्याभर पाणी सोडलं, की ते जिकडे साचलेलं दिसेल तो तळ.

मग मे महिन्यात चोपड्याकडे मामांच्या केळीच्या बागेत. विहिरीपासून सहा इंची सिमेंट पाइपाची जुनी लाइन. मोटर पाणी भरपूर ओढते, बागेत निम्मंच पोचतं. मोटर बंद करून, लाइन रिकामी करून सकाळी सहालाच केबल आत सारली. नऊ वाजल्यावर उन्हामुळे स्क्रीनवर स्वतःच्या तोंडाशिवाय काही दिसत नाही. शेवटी मामांचं उपरणं डोक्यावरून घेतलं. बाहेरून मामा विचारतात, ‘‘काय दखाई ऱ्हायनं रे भाऊ?’’ तेव्हा मीटरवर ११.४ होते आणि समोर सांध्यातून आत आलेली निंबाच्या मुळ्यांची जटा. बांधावरचा निंब मामांच्या वडिलांनी लावलेला, त्यामुळे मामा जरा वेळ गप्पच होते.

आता जागा शोधायची. रुंद पाइपात केबल नागमोडी पडते, म्हणून मीटर खऱ्या अंतरापेक्षा जास्त दाखवतो. त्याच्या भरवशावर कुदळ मारू नये. मी रिसीव्हर घेतला, सिग्नल चढला तिथे खूण केली आणि गड्याला खणायला लावलं. तीन फूट खणूनही मुळी नाही की ओल नाही.

चूक साधी होती. ट्रान्समीटरच्या बरोबर वर सिग्नल सर्वांत जास्त असतो. पाइपाच्या रेषेत पुढे किंवा मागे सरकलं, की तो शून्यावर येतो आणि त्यापलीकडे पुन्हा थोडा चढतो. मी त्या पलीकडच्या, खोट्या शिखरावर खणलं होतं. खऱ्यापासून पावणेचार फूट दूर!

दुसऱ्यांदा घाई केली नाही. रिसीव्हरचा अँटेना पाइपाला समांतर धरला, मोठ्या शिखराच्या दोन्ही बाजूंचे शून्यबिंदू शोधले आणि तिथे काड्या रोवल्या. मोठं शिखर बरोबर मधोमध. वर एक फायदा : दोन काड्यांमधल्या अंतराला ०.७ ने गुणलं, की खोली मिळते. माझं अंतर १.३ मीटर, म्हणजे खोली सुमारे ०.९ मीटर. ही खोली आतल्या डोक्यापर्यंतची, पाइपाच्या पाठीपर्यंतची नव्हे. अडीच फुटांवर पाइपाची पाठ लागली, सांधा तिथेच, भोवतीची माती चिखल झालेली. टेप धरला तर विहिरीकडच्या तोंडापासून १०.८ मीटर.

पण मुळ्यांत डोकं अडकलं ते अडकलंच. अशा वेळी ओढू नका. मी ओढलं. नंतर सुचलं, की थोडं पुढे ढकलून केबलला पीळ द्यायचा आणि मग मागे घ्यायचं. तसं केल्यावर सुटलं, पण तोवर काचेवर ओरखडा आला होता. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात तो आता कायम दिसतो, आणि मामांना तो दर वेळी मुळी वाटतो.