कळमन्याची पट्टी आणि जावास्क्रिप्टचा मुकाट कारभार

पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत मजकूर आणि आकडा यांची बेरीज केली की ती चिडते, एरर देऊन थांबते. जावास्क्रिप्ट ही वेबपानांची भाषा थांबत नाही, काहीतरी उत्तर देतेच. नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या एका अडत्यासाठी शेतकऱ्याच्या पट्टीचा, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदाचा, छोटा प्रोग्राम लिहिताना मला तिचा हा समजूतदारपणा सगळ्यात जास्त नडला.

काम साधं. संत्र्याचं वजन गुणिले भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा, खाली निव्वळ रक्कम. पण फॉर्मच्या चौकटीतून जे येतं ते सगळं मजकूर म्हणूनच येतं. हमाली १२० आणि तोलाई ३५ यांची बेरीज १२०३५ झाली. मजकूर असलेल्या ५ मध्ये ३ मिळवले की ५३, आणि त्याच मजकूर असलेल्या ५ मधून ३ वजा केले की २! अधिकचं चिन्ह मजकूर जोडायचंही काम करतं, वजाला तो जोडधंदा नाही, एवढंच कारण.

मग मजकुराचा आकडा करायला घेतला. दिवाणजींना स्वल्पविरामाची सवय. इंग्रजी अंकांत १,२५,००० लिहिलं की पार्सइंट हे मजकुरातून आकडा काढणारं फंक्शन पहिल्या स्वल्पविरामाशी थांबतं आणि सव्वा लाखाचा एक रुपया करतं. नंबर हे दुसरं फंक्शन कडक आहे, ते सरळ 'नॅन' म्हणतं, म्हणजे हा आकडाच नाही. पण रिकामी चौकट दिली की तेच कडक फंक्शन शून्य देतं. भाव लिहायचा राहिला तर माल फुकट! देवनागरी अंक दोघांनाही वाचता येत नाहीत. गंमत म्हणजे मराठी लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, दिलं तर हीच भाषा रक्कम देवनागरीत, लाखाच्या स्वल्पविरामांसकट, झकास छापते. स्वतःचं लिहिलेलं मात्र तिला परत वाचता येत नाही.

भावांची यादी लावायला सांगितली तर १२००, ३५००, ९०० असा क्रम आला. तुलनेचं फंक्शन दिलं नाही तर सॉर्ट आकड्यांनाही शब्दांसारखं लावतं. ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही, हा दोष मात्र तिच्या एकटीचा नाही. आयईईई ७५४ पद्धतीने अपूर्णांक ठेवणाऱ्या पायथॉनमध्येही तेच होतं. मी सगळा हिशेब पैशांत, पूर्णांकात ठेवला.

खरा घोळ तारखेचा. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीसाठी दहा दिवसांत या भाषेचा पहिला नमुना उभा केला, आणि तारखेची व्यवस्था जावा या दुसऱ्या भाषेवरून उचलली. म्हणून महिने शून्यापासून आणि दिवस एकपासून. हे पाठ करता येतं. पुढचं मात्र भारतात बसूनच भोवतं. १ एप्रिलची मध्यरात्र धरून तारीख बनवली आणि टूआयएसओस्ट्रिंग या तारखेचा मजकूर करणाऱ्या फंक्शनने साठवली, तर ती यूटीसीत, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, जाते: ३१ मार्च, १८:३०. नुसता तारखेचा भाग कापून घेतला की पट्टी मागच्या आर्थिक वर्षात. दिवाणजींनी विचारलंच, "भाऊ, हे एक एप्रिलले एकतीस मार्च काहून म्हणते?" साडेपाच तास त्यांना समजावून सांगितले, पटले नाहीत. मलाही पटत नाहीत, कारण 'वर्ष-महिना-दिवस' एवढाच मजकूर दिला तर तो यूटीसी धरला जातो आणि त्यालाच वेळ जोडली, पण टाइम झोन दिला नाही, की स्थानिक.

दुरुस्त का करत नाहीत? कारण जुनी संकेतस्थळं याच वागण्यावर उभी आहेत, बदललं तर ती मोडतील. नल, म्हणजे 'काहीच नाही', याचा प्रकार टाइपऑफने विचारला तर ते 'ऑब्जेक्ट' सांगतं, ते सुधारायचा प्रस्तावही त्याच भीतीने नाकारला गेला. टेम्पोरल या तारखेच्या नव्या सोयीत जानेवारी १ आहे, पण अडत्याच्या जुन्या संगणकावर तिचा उपयोग नाही.

शेवटी तारीख साधा मजकूर म्हणूनच साठवली, जावास्क्रिप्टच्या डेट या तारखेच्या व्यवस्थेच्या हाती दिलीच नाही. रिकाम्या चौकटीवर पट्टी निघत नाही. आकडा घेताना स्वल्पविराम आधी काढतो, आणि देवनागरी अंक असेल तर त्याच्या युनिकोड क्रमांकातून २४०६ वजा करतो. शून्याचा क्रमांक तोच आहे. दिवाणजी आता कोणत्याही कीबोर्डवरून लिहितात.