तीन आठवडे मिस मारणारं इंजिन

चाचणी उड्डाणांच्या अकराव्या तासाला माझ्या विमानाचं इंजिन मिस मारायला लागलं. टेक्सासमधली जुलैची सकाळ. टेकऑफ करून जेमतेम हजार फुटांवर आलो असेन, तेवढ्यात पायाखालून कुणी दारावर थाप मारावी तसा धक्का बसला. मग दुसरा. थ्रॉटल थोडा मागे घेतला तसं सगळं गप्प. वळसा घेऊन उतरलो. हँगरपाशी विमान बंद केल्यावर पाच मिनिटं तसाच बसून होतो.

विमान माझं स्वतःचं, गॅरेजमध्ये सहा वर्षं रिवेट मारून बांधलेलं आरव्ही-7. इंजिन मात्र माझदाच्या आरएक्स-7 गाडीतलं, 13बी रोटरी. (रोटरी म्हटलं की काहींना पहिल्या महायुद्धातली, पंख्यासोबत अख्खं फिरणारी इंजिनं आठवतात. हे ते नव्हे, हे वांकेल.) पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. दोन तिकोनी रोटर, 1308 सीसी, आणि पुढे 2.85ला एक असा गिअरबॉक्स, म्हणजे इंजिन 6000 आरपीएमवर असताना पंखा 2100च्या आसपास. विमानासाठी प्रमाणित नसलेलं इंजिन बसवलं की अमेरिकेत पहिले 40 तास साधारणपणे ठरलेल्या हद्दीत चाचणीचे उडवावे लागतात. त्यातले माझे अकरा झाले होते.

कोल्हापुरात उद्यमनगरात बाबांचं वर्कशॉप होतं, त्यामुळे 'मिसिंग', म्हणजे मधेच न पेटणं, हा शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकतोय. बाबांची पद्धत सोपी. इंजिन चालू ठेवायचं आणि प्लगची एकेक वायर काढायची. जी काढल्यावर आवाज बदलत नाही, तो सिलिंडर मेलेला. रात्री फोनवर त्यांना सांगितलं तर पहिला प्रश्न, "वायरी काढून बघितलास काय रे?"

मी ते केलं नाही. माझ्याकडे त्यांच्यापेक्षा भारी गोष्ट होती ना, डेटा! इंजिन मॉनिटर दर सेकंदाला नोंद ठेवतो. त्यात स्पष्ट दिसत होतं की धक्क्यांच्या वेळी दुसऱ्या रोटरच्या एक्झॉस्टचं तापमान वर चढलं, पहिल्याचं जागच्या जागी. तापमान चढलं म्हणजे मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. इतकं सरळ वाटलं की दुसरी शक्यता मनात आलीच नाही. पहिला आठवडा त्यातच गेला. फिल्टर बदलला, प्रेशर तपासलं, दोन्ही रोटरचे इंजेक्टर आपसात बदलले. चढणारं तापमान दुसऱ्या रोटरलाच चिकटून राहिलं.

मग प्लग. प्रत्येक रोटरला दोन असतात, खालचा लीडिंग आणि वरचा ट्रेलिंग. मुख्य काम लीडिंगचं. ट्रेलिंग एका बारीक भोकामागे बसून उरलेलं पेटवतो. मी विमानाचं 100एलएल पेट्रोल वापरतो, त्यात शिसं असतं, आणि ते प्लगच्या चिनी मातीवर राखाडी दाण्यांसारखं साचतं. काढलेल्या प्लगवर ते दिसलंही. चार नवे प्लग घातले आणि दोन उड्डाणं लोण्यासारखी गेली. घरी पार्टी झाली. तिसऱ्या उड्डाणाला, 4500 फुटांवर, फुल थ्रॉटलला पुन्हा तीच थाप.

इथे माझं चुकलं ते लिहूनच ठेवतो. नव्या प्लगची धार ताजी असते, ठिणगी कमी व्होल्टेजमध्येही उडी मारते. दुखणं तसंच होतं, प्लगनं ते दोन दिवस झाकलं. कारण सापडलेलं नसताना मी परत उडायला नको होतं. विमानतळाच्या डोक्यावरच घिरट्या घालत होतो हे खरं, पण ती सबब झाली.

यानंतर विमान जमिनीवरच. प्रत्येक प्लगला ठिणगीचं व्होल्टेज पुरवणारी एक कॉइल असते; दोन्ही रोटरच्या लीडिंग कॉइल आपसात बदलल्या, तरी त्रास दुसऱ्याच रोटरला. आता उरला कॉइलना ठिणगीचा इशारा देणारा कंट्रोलर, आणि तो महाग. ऑर्डर करायच्या बेतात होतो, तेव्हा बाबांच्या वायरी आठवल्या.

विमानात प्लगच्या वायरी उपटायची गरज नसते. लीडिंग आणि ट्रेलिंग वेगवेगळ्या बंद करायला कॉकपिटमध्ये दोन स्विच आहेत. प्रत्येक उड्डाणाआधी रनअपला, म्हणजे जमिनीवर इंजिन तपासताना, मी ते दाबून बघत होतोच, आणि दर वेळी सगळं ठीक. कारण रनअप गार इंजिनावर आणि अर्ध्या थ्रॉटलला होतो. या वेळी चाकांना अडणी लावली, शेपटी दोरानं जमिनीतल्या कड्याला बांधली, काउल, म्हणजे इंजिनावरचं झाकण, चढवलेलं ठेवलं आणि पाण्याच्या तापमानावर डोळा ठेवून भर दुपारी इंजिन चांगलं तापू दिलं. मग फुल थ्रॉटल, आणि ट्रेलिंग बंद. दुसरा रोटर धाडकन गेला. एक्झॉस्टमधून फटाके, आणि त्याचं तापमान आता झपाट्यानं खाली. ट्रेलिंग चालू केला की पुन्हा जिवंत.

म्हणजे दुसऱ्या रोटरचा लीडिंग प्लग मधूनमधून पेटतच नव्हता, आणि ट्रेलिंग एकट्यानं गाडा ओढत होता. एकाच प्लगवर, तेही उशिरा जळणाऱ्या मिश्रणानं एक्झॉस्ट जास्त तापतं. पातळ मिश्रणाचं मानून मी ज्याच्यामागे आठवडाभर धावलो, ते हे. बाबांची पद्धत चालली, फक्त इथे एकाच रोटरला दोन वायरी होत्या आणि एक दुसरीला सांभाळून घेत होती. ज्या जादा प्लगनं मला सुखरूप खाली आणलं, त्यानंच आजार लपवला.

प्लग नवा, कॉइल बदललेली. मग वायरिंग. ही चार वायरींची कॉइल आहे, एक 12 व्होल्ट, एक ठिणगीच्या इशाऱ्याची (ट्रिगर), दोन अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणाऱ्या. मीटरला लांब वायरी जोडून त्या कॉकपिटपर्यंत आणल्या, कारण फिरत्या पंख्याजवळ उभं राहून मीटर धरणं हा शहाणपणा नाही. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं कॉइलच्या अर्थिंगला. एकेक कॉइल जोडायची, इंजिन तापवायचं, आकडा लिहायचा, बंद करायचं. तीन कॉइलना 0.1 व्होल्टच्या खाली. चौथीला आयडलवर तसंच, पण तापल्यावर फुल थ्रॉटलला 0.7, आणि आकडा एका जागी ठरेना.

रोटरीत प्रत्येक रोटर शाफ्टच्या दर फेऱ्याला पेटतो. 6000 आरपीएमला एका कॉइलला सेकंदाला 100 ठिणग्या. चार स्ट्रोकच्या इंजिनात हेच काम निम्मं, 50. कॉइलला भरायला वेळच कमी, त्यात अर्थिंग कच्चं असलं की करंट पुरता चढत नाही. आयडलला तेवढ्यातही भागतं. फुल थ्रॉटलला चेंबरमध्ये दाब जास्त, तिथे अशक्त ठिणगी उडी मारत नाही.

इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीवर, म्हणजे फायरवॉलवर, अर्थिंगची पट्टी आहे. तिथे त्या चौथ्या कॉइलच्या वायरीचं थिंबल होतं, म्हणजे टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा. बाहेरून अगदी सुबक, श्रिंक ट्यूब वगैरे. दोन बोटांनी ओढलं आणि वायर हातात आली. थिंबलची पकड तांब्यावर कमी आणि प्लास्टिकच्या कव्हरवर जास्त बसली होती. चारदोन तारा काळ्या पडलेल्या, बाकीच्या नव्यासारख्या चकचकीत. त्या कधी चिमटीत आल्याच नव्हत्या.

ते थिंबल मीच दाबलेलं. बांधणीच्या वहीत तारखेसकट फोटो आहे. रविवारची रात्र, रॅचेटची चांगली पक्कड मित्राकडे राहिलेली, म्हणून ड्रॉवरमधल्या साध्या पकडीनं काम उरकलं होतं. नवं थिंबल नीट दाबून पुन्हा मीटर लावला, 0.08. दोरानं बांधूनच दहा मिनिटं तापवलं, ट्रेलिंग बंद केला, इंजिन हललं नाही.

वहीतल्या हिशेबानं त्या रात्री मी एकूण नऊ थिंबलं दाबली होती. उडण्याआधी उरलेली आठही ओढून बघितली. आणखी दोन हातात आली. त्यातलं एक मुख्य फ्युएल पंपाचं होतं.