आमची वाटचाल : झाडं, दोर आणि ‘फुकट’ छाटणी

पुण्यातल्या सहकारनगर, कोथरूड, औंध भागात बंगल्यांच्या कडेला नि जुन्या सोसायट्यांच्या आवारात मालकांनी हौसेनं लावलेले पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, सोनमोहर आणि आंबे आता पन्नाशीला टेकलेत. आमच्या छाटणीच्या फर्मचं पोट याच झाडांवर चालतं. तरीही ‘झाडं तोडणारे ना तुम्ही?’ असाच फोन येतो. तोडणारे पुष्कळ आहेत. आम्ही झाड उभं ठेवायचे पैसे घेतो.

सुरुवात दोघांची. भागीदार सह्याद्रीतले कडे चढणारा, त्यामुळे दोर आणि गाठी त्याच्या हातातल्या. पण कड्यावरचा दोर झाडावर चालत नाही. तो पडणाऱ्याला झेलण्यासाठी ताणला जातो. झाडावर माणूस दिवसभर दोरावर बसून काम करतो, तिथे फारसा न ताणला जाणारा ११ ते १३ मि.मी.चा दोर लागतो. आधी तीन-चारशे ग्रॅमची छऱ्याची पिशवी बारीक दोरीनं बेचक्यातून फेकायची, मग त्या दोरीनं मुख्य दोर वर ओढायचा. करवत चालवताना दुसरा आधार हवाच, आणि तोही तारेच्या गाभ्याचा, कारण चेनसॉचा एक ओझरता स्पर्श साधा दोर कापून टाकतो. बुटाला खिळे लावून चढणं फक्त तोडायच्या झाडावर. जगवायच्या झाडाला प्रत्येक पावलागणिक जखम कशाला?

हत्यारांबद्दल लोक मोठी चेनसॉ बघून खूश होतात. आमची निम्म्याहून अधिक कामं वाकड्या पात्याच्या हातकरवतीनं होतात. वर वापरायच्या छोट्या चेनसॉला ३/८ इंची लो-प्रोफाइल (बुटक्या दातांची) चेन असेल तर कानस ४ मि.मी.ची, आणि धार बघायची भुशावरून. जाड कपच्या पडल्या तर धार आहे, पिठासारखा भुसा पडला तर खाली उतरून कानस मारा. पेट्रोल लिटरला २० मि.ली. टू-स्ट्रोक ऑइल. चेनवर जळकं इंजिन ऑइल ओतणाऱ्यांना आम्ही कामावर ठेवत नाही. त्यातल्या धातूच्या कणांनी तेलाचा पंप आणि बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) दोन्ही जातात.

आता आमच्या भागातल्या एका दुसऱ्या ठेकेदाराबद्दल. नाव लिहीत नाही, या धंद्यातल्यांना लिहायची गरजही नाही. त्यानं बाजारात एकच वाक्य आणलं : ‘छाटणी फुकट, लाकूड आमचं.’ सोसायटीच्या वार्षिक सभेत हे वाक्य आमच्या तीन पानी कोटेशनला दहा सेकंदांत हरवतं. पण लाकूड विकून मजुरी काढायची असेल तर माणूस बारीक वाळकी फांदी कापेल की मांडीएवढी हिरवी? उत्तर प्रत्येक झाडावर दिसायचं : बुंधा, त्यावर चार थोटकं आणि वर मोकळं आभाळ.

असं मुंडकं उडवल्यावर काय होतं ते कमिटीवाल्यांना आम्ही आजही सांगतो. झाड घाबरून सालीखालचे निजलेले डोळे फोडतं. थोटकाच्या टोकाला धुमाऱ्यांचा झुपका येतो आणि सगळ्यांना वाटतं, वा, झाड जोमात आलं. हे धुमारे लाकडात रुजलेले नसतात, बाहेरच्या दोन-चार वलयांना चिकटलेले असतात. एवढ्या मोठ्या जखमेवर साल मिटत नाही, थोटकं टोकाकडून खाली कुजत येतात. तीन-चार वर्षांत धुमारे पंधरा-वीस फूट होतात, जड होतात, आणि त्यांचा पाया नेमका कुजक्या जागी असतो. शिवाय पानं गेल्यानं मुळांचं अन्न तुटतं, सावलीत वाढलेली साल एप्रिल-मेच्या उन्हात भाजून फाटते. अमेरिकन वनखात्यातल्या ॲलेक्स शायगो यांनी शेकडो खोडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम भरून काढत नाही, तर कुजलेला भाग भिंती घालून वेगळा करतं. भिंत घालायला जागाच ठेवली नाही तर झाडानं काय करावं?

म्हणून आमचा नियम : एका खेपेला पानांच्या चौथाईहून जास्त काढायचं नाही, म्हाताऱ्या झाडाचं त्याहूनही कमी. जड फांदीला तीन काप. पहिला खालून, खोडापासून फूट-दीड फूट दूर, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा वरून, त्याच्या दोन-तीन इंच पुढे; फांदी तिथं मोडून पडते आणि साल खोडापर्यंत सोलत येत नाही. मग उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर वळीच्या बाहेरून कापायचा. वळी कापली तर कूज खोडात शिरते, खुंट लांब ठेवला तर तो कुजून तेच होतं. आणि फांदी खाली ‘सोडून द्यायची’ नाही. एक फूट जाड, पाच फूट लांब ओला ओंडका शंभर किलोच्या आसपास भरतो. तो कौलांवर पडला तर बिल आमचं. कप्पी आणि बुंध्याला बांधलेल्या लोखंडी नळीवर दोराचे वेढे देऊन तो सावकाश उतरवायचा. फुकटवाल्याकडे हे सामान नसतं.

एका मोठ्या सोसायटीनं आमचं अर्ध्यावरचं काम थांबवून या फुकटवाल्याला बोलावलं आणि आमचं बिल अडकवलं. फांद्यांचा भुगा करणारं यंत्र आम्ही तेव्हा कर्जावर घेतलेलं. हप्ते चालू, काम बंद. त्यातच २०२०चा लॉकडाऊन. चढणारी मुलं गावी गेली, पिकअप विकायला काढली, भागीदार रीतसर हिशेब करून बाजूला झाला. त्याच्याबद्दल तक्रार नाही, त्याला घर होतं. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-अलिबागकडून आत आलं, पुण्यातही दुपारभर वारा घोंगावला. आमचा फोन सलग वाजत राहिला. त्याच सोसायटीत मुंडण केलेल्या पर्जन्यवृक्षांचे धुमारे बेचक्यापासून उखडून गाड्यांवर पडले होते. आम्ही बारीकसारीक विरळणी करून हलकी केलेली झाडं, त्याच भिंतीला लागून, उभी होती. कमिटीनं पडलेलं लाकूड उचलायला आम्हाला बोलावलं. आगाऊ पैसे घेऊनच गेलो. जुनं बिल आजतागायत आलेलं नाही.

त्यानंतरची वर्षं बरी चालली आहेत.

त्या वाईट काळात ज्यांनी आम्हाला तगवलं त्या सहकारनगरातल्या एक काकू. त्यांच्या वहीत प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजून, दर पाडव्याला लिहिलेला असतो. लॉकडाऊनमध्ये त्यांनी वर्षाचे पैसे एकदम पाठवले. त्यांच्या हापूसच्या खोडातून भुसा पडत होता : भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी. भोक शोधून सायकलची तार आत फिरवायची, अळी टोचून काढायची, रॉकेलचा बोळा घालून ओल्या चिखलानं बंद करायचं. आठवड्यानं पुन्हा बघायचं. ताजा भुसा दिसला तर दुसरं भोक आहे. माळी अजून डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक मागतात, त्याच्यावर २०२०च्या अखेरीपासून बंदी आहे. काकूंच्या आंब्याचं खरं दुखणं मात्र खाली होतं. अंगणात फूटभर भराव घालून पेव्हर बसवले होते आणि खोड विजेच्या खांबासारखं सरळ जमिनीत घुसलेलं. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीशी रुंदावतो, मुळांचे खांदे दिसतात. आम्ही भोवतालचे पेव्हर काढून माती हातानं उकरली, खांदे उघडे केले, वर पालापाचोळ्याचा तीन-चार इंच थर दिला, खोडापासून वीतभर दूर. अन्न शोषणारी मुळं वरच्या दीड-दोन फुटांत असतात, त्यांना हवा लागते. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितली, ती किमान मर्यादा समजा.

आता न विचारलेलं थोडं. ढोलीत सिमेंट भरू नका. झाड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही, मधल्या फटीत पाणी साचून कूज वाढते. बुंध्याशी लाकडी हातोडा ठोकून बघा, बद्द आवाज आला तर कोणाला तरी बोलवा. पोकळ झाड लगेच धोक्याचं नसतं. भोवतालचं ठणठणीत लाकूड त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं जाड असेल तर ते बहुधा तगतं, ढोलीचं तोंड मोठं असेल तर हिशेब बदलतो. पण बुंध्याशी कडक, चकचकीत तपकिरी भूछत्र आलं असेल तर मुळं कुजताहेत. झाड वरून हिरवं असलं तरी थांबू नका. ड्रेनेजच्या चरासाठी मुळं तोडणाऱ्या प्लंबरला आधी आवरा. खोडाच्या व्यासाच्या तिपटीच्या आत तोडलेली जाड मुळं पहिल्या मोठ्या पावसात उत्तर देतात. बगळे पावसाळ्यात घरटी करतात, तेव्हा शक्य तिथे छाटणी दिवाळीनंतर.

आणि परवानगी. १९७५च्या महाराष्ट्र वृक्ष कायद्यात ‘झाड तोडणे’ या व्याख्येत झाडाला कसलीही इजा करणं येतं. अर्ज महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे करायचा आणि कागद हातात आल्यावरच करवत लावायची. रविवारी पहाटे येऊन दुपारच्या आत ट्रक भरणाऱ्याला यातलं काही विचारलं तर तो चहा मागतो.

ठेकेदार आला की त्याला विचारा : वर चढणाऱ्याचा विमा आहे का, खिळ्यांचे बूट घालणार का, पानांचा किती हिस्सा जाणार, आणि लाकूड कोणाचं. आमच्या कोटेशनमध्ये लाकडाची ओळ वेगळी असते. ते मालकाचं. नको असेल तर भुगा करून तुमच्याच झाडाखाली पसरतो, त्याचे पैसे लावत नाही.