फोनचा महिना कितीला पडतो?

शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५

दिवाळीच्या ऑफरांचा भडिमार चाललाय आणि घरात दोन पक्ष पडलेत. चिरंजीव म्हणतात, "आई, तुझा फोन आता रिटायर कर." ह्यांचं म्हणणं, चालतोय तोवर चालू दे. माझा २०२१ चा फोन बिघडलेला नाही. बॅटरी दुपारीच मान टाकते आणि सुरक्षा अपडेट यायचे बंद झालेत, एवढंच. पतसंस्थेत दिवसभर लोकांच्या हप्त्यांचे हिशेब करायचे आणि स्वतःचा फोन मात्र जाहिरात बघून घ्यायचा, हे काही पटेना. म्हणून आज रात्री घरखर्चाच्या जुन्या वह्या काढून बसले.

सूत्र साधं ठेवलं. फोनची किंमत, तिच्यात दुरुस्ती मिळवायची, आणि घरात कुणाच्याही हातात तो जितके महिने चालला तितक्यांनी भागायचं. 'कुणाच्याही हातात' हे महत्त्वाचं. आमच्याकडे फोन माझ्याकडून सासूबाईंकडे जातो आणि तिथे त्याचं दुसरं आयुष्य सुरू होतं.

पहिली नोंद मार्च २००५ ची. नोकिया ११००, तीन हजार दोनशे. तेव्हा हा पैसा मोठा होता, पण फोन घ्यायचं धाडस झालं ते फोन स्वस्त झाले म्हणून नाही, बोलणं स्वस्त झालं म्हणून. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, कोलकात्याहून ज्योती बसू आणि दिल्लीत सुखराम. त्या काळात मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेला कॉल घ्यायलाही पैसे पडायचे. दुसऱ्याने केलेल्या फोनचे पैसे आपण द्यायचे, हे आमच्यासारख्या घरात कोण मान्य करणार? मे २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि मग मिस्ड कॉल देणाऱ्यांचा देश तयार झाला.

त्याच वर्षी पावसाळ्यात रिलायन्सची ती ५०१ रुपयांची योजना आली होती. ५०१ भरा, फोन न्या, बाकीचे पैसे पुढे दरमहा. गल्लीत तीन-चार घरांनी घेतला. आमच्याकडेही चर्चा झाली. तो सीडीएमए फोन, नंबर फोनमध्येच बसवलेला, सिम काढून दुसरीकडे घालायची सोय नाही. सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामांनी, एकच प्रश्न विचारला होता, "म्हणजे कंपनी बदलली तर डबा टाकून द्यायचा का?" मामांचं शिक्षण चौथीपर्यंतच झालेलं, पण वस्तूची किंमत कळायला त्यांना कुणाच्या समीक्षेची गरज पडली नाही.

११०० ची आठवण मात्र अजून ताजी आहे. रबराचा एकसंध कीपॅड, त्यामुळे धूळ आत जायची नाही. डोक्यावर बॅटरीचा दिवा. तेव्हा भारनियमन इतकं असायचं की तो दिवा बोलण्यापेक्षा जास्त वापरला गेला. चार्जर जाड पिनेचा, नंतर बारीक पिना आल्या तेव्हा लग्नकार्यात "जाड पिन आहे का कुणाकडे?" असं विचारत फिरावं लागे. बॅटरी बीएल-५सी. २००७ च्या ऑगस्टमध्ये बातमी आली की डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ दरम्यान मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या चार कोटी साठ लाख बॅटऱ्या गरम होऊ शकतात, नोकिया त्या बदलून देणार. गावात मात्र 'मोबाइल फुटतोय' एवढंच पसरलं. आमची बॅटरी त्याआधीची, तरी सासूबाई आठवडाभर फोन अंगणात तुळशीच्या कट्ट्यावर ठेवत होत्या.

तो फोन मी जवळजवळ सहा वर्षं वापरला, पुढे सासूबाईंनी पाच. दोन बॅटऱ्या मिळून साडेचारशे. म्हणजे ३,६५० भागिले १३२ महिने. महिना अठ्ठावीस रुपये! खरा खर्च रिचार्जचा होता, महिन्याला तीनशेच्या आसपास, त्यातूनही प्रोसेसिंग फी आणि कर कापून उरेल तेवढंच बोलणं. फोनच्या दहापट पैसे आम्ही 'हां, बोला' म्हणण्यात घालवले. फोन गेला, पण त्याची शेवटची बॅटरी अजून मामांच्या भजनाच्या छोट्या रेडिओत चालते. बाजारात मिळणाऱ्या त्या चिनी रेडिओंना नेमकी हीच बॅटरी बसते.

मधले दोन भरभर लिहिते. २०११ चा पहिला टचस्क्रीन, साडेसहा हजार. रेझिस्टिव्ह पडदा, नखाने दाबल्याशिवाय ऐकायचा नाही. तीन वर्षं चालला, नंतर सासूबाईंनी हातात घेतला आणि परत दिला. महिना १८०. मग २०१४ चा, ऑनलाइन घेतलेला, सात हजारांचा. ह्यांच्या आधीच्या अँड्रॉइडवर मराठी संदेश आला की नुसते चौकोन दिसत, कारण देवनागरी आली ती ४.० आवृत्तीत. म्हणून माझ्या फोनवर पहिल्यांदा मराठी नीट वाचता आली याचं अप्रूप फार होतं. पण आतली मेमरी चार जीबी. सुप्रभातच्या फुलांनीच ती भरून जायची. कार्ड टाकलं, पण अ‍ॅप कार्डावर जायला तयार नाहीत. वीस महिन्यांत ठेवून दिला. महिना ३५०. घेताना हा सगळ्यात 'स्वस्तात मस्त' वाटला होता आणि वहीत तोच सगळ्यात महाग निघाला.

२०१६ चा रेडमी नोट ३, बारा हजार. फ्लॅश सेल हा प्रकार तेव्हा घराला कळला. ह्यांनी दुपारी ऑफिसातून, मी पतसंस्थेतून, भाच्याने कॉलेजातून, तिघांनी एकाच वेळी बटण दाबलं आणि भाच्याला लागला. चार हजार पन्नास एमएएचची बॅटरी, दोन दिवस जायची. सप्टेंबरमध्ये जिओ आलं, तेव्हा हातात फोर-जी फोन तयार होता. त्याआधी एक जीबीला अडीचशे मोजणारे आम्ही, आता कीर्तनं थेट बघू लागलो. पाच वर्षं मी, तीन वर्षं सासूबाई, मध्ये एक बॅटरी नऊशेला. महिना १३४. पैसे वसूल म्हणतात ते हे.

वह्या मिटताना एक गोष्ट दिसली. यातला एकही फोन पडून, फुटून किंवा जळून गेला नाही. सगळे धडधाकट निवृत्त झाले. कुणाला मेमरी पुरेना, कुणाची आवृत्ती जुनी झाली, कुणावर अ‍ॅप चालेना.

रविवार, १२ ऑक्टोबर

चिरंजीवांनी सत्तर हजारांचा फोन दाखवला. "नो कॉस्ट ईएमआय आहे आई, व्याज शून्य." मी म्हटलं, शून्य व्याजाने कर्ज देणारी बँक मला अजून भेटायची आहे. व्याज असतंच. तेवढी रक्कम आधी सवलत म्हणून वजा केलेली असते, आणि क्रेडिट कार्डावर घेतला तर बँक त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी लावते तो आपल्या बिलात येतो. वर प्रोसेसिंग फी. रक्कम फार नसते, पण 'नो' नसते. शिवाय रोख घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती तिचं काय, हे कुणी विचारत नाही. आणि कराचं म्हणाल तर गेल्या महिन्यात बावीस तारखेपासून मोठ्या टीव्ही-एसीचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरावर आला, फोनचा होता तिथेच अठरा. एप्रिल २०२० पूर्वी तो बारा होता.

त्याचा एक मुद्दा मात्र बिनतोड होता. महाग फोनांना आता सात वर्षं अपडेट मिळतात. गुगलने पिक्सेल ८ पासून, सॅमसंगने एस२४ पासून तसं जाहीर केलंय. मग भागाकार केला. सत्तर हजार भागिले चौऱ्याऐंशी महिने, ८३३. मधल्या बॅटऱ्या वेगळ्या. आणि वीस हजारांच्या आतल्या सॅमसंग ए१६ सारख्या फोनलाही सहा वर्षांचं आश्वासन आहे. एकोणीस हजार, अधिक एक बॅटरी दीड हजार, भागिले बहात्तर. २८५. दुप्पट-तिप्पट फरक कॅमेऱ्याचा आणि रुबाबाचा. रुबाब वाईट नाही, पण तो वेगळ्या खात्यावर लिहावा.

ह्यांनी सेकंडहँडचा विषय काढला. दोन वर्षं वापरलेला भारी फोन तीस हजारांत मिळतो, अजून पाच वर्षं अपडेट. महिना पाचशे. घ्यायचाच तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बघायचा आणि 'केवायएम' लिहून पुढे तो नंबर १४४२२ वर पाठवायचा, म्हणजे तो काळ्या यादीत आहे का ते कळतं. पण बॅटरी किती झिजलेली हे विकणारा सांगेल तेवढंच. लिथियम बॅटरी साधारण पाचशे वेळा पूर्ण भरून-रिकामी झाली की क्षमता ऐंशी टक्क्यांवर येते, म्हणजे दोन वर्षांच्या फोनमध्ये तिचा अर्धाअधिक जीव गेलेला धरूनच भाव करावा.

आता मी डाळीच्या पाकिटावर बघते तसं फोनवर आधी 'किती तारखेपर्यंत' हे बघणार. कॅमेरा किती मेगापिक्सेल हे नंतर.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सांगलीच्या हरभट रोडला जाऊन आले. जुन्या फोनला नवी बॅटरी घातली. कारागिराने दोन भाव सांगितले, चौदाशे आणि सहाशे. सहाशेवालीची हमी दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत. चौदाशेची घेतली. पाठ गरम करून, पत्री सरकवून उघडली, अर्ध्या तासाचं काम. हा फोन आता सासूबाईंना. त्यावर बँकेचं अ‍ॅप नाही, यूपीआय नाही, त्यामुळे अपडेट नसला तरी मोठा धोका नाही. गेलं वर्षभर त्या बटणांचा फोन वापरतात आणि रोज म्हणतात, "सुनबाई, मला सरकवायचाच दे, बटणं दिसत नाहीत." नवा माझ्यासाठी, पैशांचे व्यवहार त्याच्यावर. एकोणीस हजार, रोख.

एक्सचेंजमध्ये जुन्याचे 'बारा हजारांपर्यंत' म्हणणारी जाहिरात प्रत्यक्षात दीड हजारावर आली होती. सासूबाईंच्या हातात तो तीन वर्षं चालला तरी मला त्याहून जास्त मिळतात. गल्लीत मोटारसायकलवर भोंगा लावून "जुना मोबाइल, बंद मोबाइल, फुटका मोबाइल" ओरडत येणारा तर प्लास्टिकचा टब देतो.

जेवताना चिरंजीवांनी वही ओढून घेतली. "मग माझा फोन कितीला पडतोय?" काढून दाखवला. अठरा हजारांचा, सव्वीस महिने झाले, दोनदा पडद्याची काच, साडेतीन-साडेतीन हजार. महिना ९६१.

"म्हणजे सत्तर हजारांच्या फोनपेक्षा महाग?"

"अजून तरी."

उद्या हरभट रोडला जाताना त्याच्याही फोनला मजबूत कव्हर आण म्हणाला.