दहा मिलिग्रॅमचा हिशेब

हुपरीच्या भाच्यानं वीतभर लांबीच्या दोन तारा आणून दिल्या, ९९.९ टंचाची चांदी. विद्युत अपघटन शाळेत मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं, पण कलिली चांदी, म्हणजे पाण्यात तरंगणारे चांदीचे अतिसूक्ष्म कण, घरी करताना मी सुरुवातीलाच चुकलो.

काचेच्या ग्लासात अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर, ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक, आणि मोजायला आरओचं पाणी तपासायचा टीडीएस मीटर. तेवढ्यावर विसंबून बाजारात गेलो. दोन तासांनी येऊन बघतो तर ऋण तारेवर काळी लव, तळाशी राखेसारखा गाळ आणि मीटरवर आकडा १५. हा मीटर पाण्याची वाहकता मोजतो, म्हणजे आयन तेवढे त्याला कळतात. चांदीचे कण कितीही तरंगत असोत, त्याला त्यांचा पत्ता नसतो. शिवाय आयन वाढले की प्रवाह वाढतो, प्रवाह वाढला की चांदी आणखी वेगानं सुटते आणि तिच्या गुठळ्या होतात.

आता २७ किलोओहमचा रेझिस्टर लावलाय, म्हणजे काही झालं तरी १ मिलिअँपिअरच्या वर प्रवाह जात नाही. मल्टिमीटर सर्किटमध्येच एकसरीत ठेवतो आणि दर पंधरा मिनिटांनी वहीत आकडा लिहितो: ०.२, ०.२, ०.३... फॅरेडेच्या नियमानं १ मिलिअँपिअर तासभर वाहिला की तारेतून ४ मिलिग्रॅम चांदी सुटते. साडेचार तासांची बेरीज आली २.५ मिलिअँपिअर-तास. म्हणजे दहा मिलिग्रॅम.

धन तार धुऊन, वाळवून भाच्याच्या काट्यावर ठेवली. सुरू करण्याआधीचं वजन त्यानंच लिहून ठेवलं होतं.

"मामा, बरोब्बर दहानं कमी भरली की ओ!"

मला वर्गात फळ्यापुढे उभं असल्यासारखं वाटलं.

अंधार करून लेझर मारला, तर नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात न दिसणारी लाल रेघ ग्लासात आरपार दिसली. मीटरला न दिसणारे कण ते हेच.

शेजारच्या काकूंनी खोकल्यासाठी चमचाभर मागितलं. दिलं नाही, आणि कुणालाच देणार नाही. पोटात गेलेली चांदी कातडीत साठत जाते, अंग निळसर राखाडी पडतं आणि तो रंग पुन्हा उतरत नाही. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं, १९९९ सालीच अशी औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत असं ठरवलंय. बाटलीवर लाल शाईनं 'पिऊ नये' लिहून ती वरच्या फळीवर ठेवली.

तारेतून सुटलेली सगळी चांदी पाण्यात राहत नाही, थोडी ऋण तारेवर जाऊन बसते. रविवारी तीही तार काट्यावर ठेवायची आहे.